शेजारी न उठवणारी गर्जना : गिटारच्या अँपचा संगणकापर्यंतचा प्रवास

१/ खडवली. कल्याण-कसारा मार्गावरचे, भातसा नदीकाठचे गाव. आज येथे कोणी मध्यरात्री इलेक्ट्रिक गिटार छेडली, तरी शेजाऱ्याची झोप मोडणार नाही आणि वादकाच्या कानात मात्र १९६० च्या दशकातले लंडन गर्जेल. हे कसे शक्य झाले, त्याचा हा धागा.

२/ ही गर्जना मुळात एक दोष आहे. अँपमधील व्हॉल्व्हला पेलवेल त्याहून अधिक सिग्नल दिला, की ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात आणि नवे उपस्वर उमटतात. अभियंत्यांना हे नको होते. वादकांना नेमके हेच हवे होते.

३/ १९६२ मध्ये लंडनमधील ड्रमविक्रेते जिम मार्शल यांच्या दुकानात ‘जेटीएम ४५’ हा अँप घडला. आराखडा अमेरिकन ‘फेंडर बॅसमन’चा; सुटे भाग बहुतांशी ब्रिटनमध्ये मिळणारे. त्यातून निराळा स्वर जन्मला.

४/ मात्र तो स्वर अँप पूर्ण खुला केल्यावरच लाभे. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी स्टुडिओतही मंचावरच्याइतक्याच मोठ्या आवाजात वाजवण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी.

५/ आता मुंबईकडे वळू. १९८६ मध्ये धोबी तलावाजवळील रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला. पुढे २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आले : निवासी भागात रात्री मर्यादा ४५ डेसिबल, रुग्णालये, शाळा व न्यायालयांभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवन त्यात आले आणि तेथील रॉक मैफली थांबल्या.

६/ ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोंगाटमुक्त जगणे हा मूलभूत हक्काचा भाग मानला. झोपेचा हक्क खरा आणि वादकाची ओढही खरी. दाट वस्तीत दोन्ही कशी नांदावीत?

७/ एक उत्तर गणितातून आले. १९९८ मध्ये ‘लाइन ६’ने प्रो टूल्ससाठी ‘अँप फार्म’ हे प्लगइन आणले. गिटारच्या सिग्नलचे सेकंदाला ४८,००० नमुने घ्यायचे. व्हॉल्व्ह शिखरे कशी छाटतो, ते सूत्रांनी काढायचे. मग स्पीकरच्या पेटीचा ठसा त्यावर उमटवायचा. आजची प्लगइन्स साधारण याच वाटेने चालतात.

८/ अट एकच : विलंब जाणवता कामा नये. १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम एक मीटर जातो. येण्याजाण्याचा हिशेब धरला, तर विलंब याच्या दुपटीहून थोडा अधिक. म्हणजे अँप दोन-तीन पावलांवर ठेवल्यासारखे.

९/ काही हरवलेही. स्पीकरने ढकललेली हवा छातीवर आदळते, तो अनुभव हेडफोनमध्ये नाही. परंतु स्वराचा पोत आणि आवाजाची पातळी यांची फारकत झाली, आणि रात्रीचा रियाज शक्य झाला.

१०/ एका पिढीच्या अभियंत्यांनी जो दोष टाळण्यासाठी कष्ट घेतले, तोच दोष जसाच्या तसा जपण्यासाठी पुढची पिढी सूत्रे मांडत बसली. प्लगइनमधले ते जुने बटण दहावर नेताना एवढे जरूर आठवा. (समाप्त)