रेशनकार्डावरचा आकडा

आजचा भाग रेशनकार्डाच्या रंगांवर. डहाणूजवळच्या सरावलीतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात थोडा भात, मग चिकूच्या वाडीत मजुरी, दिवाळीनंतर वीटभट्टी, नाहीतर उंबरगाव-वापीकडे कंपनीत रोजंदारी. आता सांगा, या घराचं वार्षिक उत्पन्न किती? पगाराची स्लिप नाही, हातात आलं ते खर्च झालं. पण अर्जात तिथे आकडा लागतोच.

हा आकडा पूर्वी लागत नव्हता, बरं का. मुंबईत 1943 मध्ये रेशनिंग सुरू झालं तेव्हा युद्ध चालू होतं, धान्य कमी होतं, आणि कार्ड सगळ्यांनाच होतं. 1992 मध्ये केंद्राने सुधारित रेशनव्यवस्था आणली, तेव्हाही निकष भागाचा होता: आदिवासी, डोंगराळ, दुष्काळी असे सुमारे 1,775 विकासगट. जून 1997 मध्ये मात्र दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे अशी वाटणी झाली.

महाराष्ट्राने त्या वाटणीला रंग दिले. 1 मे 1999 पासून तीन कार्डं: वर्षाला 15,000 रुपयांपर्यंत पिवळं, तिथून एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरं. पिवळ्याच्या अटी आज वाचल्या की गंमत वाटते. घरात डॉक्टर-वकील नको, चारचाकी नको, आणि फोनही नको! आता 15,000 ला 365 ने भागा. दिवसाला 41 रुपये, अख्ख्या कुटुंबाचे.

मग 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला. महाराष्ट्रात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. पिवळं कार्डवाले आत आलेच. केशरीतून कोणाला घ्यायचं, यासाठी नवी रेघ मारली: गावात 44,000, शहरात 59,000. पण किती लोक घ्यायचे हे केंद्राने राज्याला ठरवूनच दिलं होतं, ग्रामीण 76.32 टक्के आणि शहरी 45.34 टक्के, तेही 2011 च्या लोकसंख्येवर. म्हणजे माझ्या मते ही रेघ भूक मोजून मारलेली नाही, कोट्यात माणसं बसावीत म्हणून मारलेली आहे.

आम्ही कोडमध्ये असा आकडा थेट लिहिला तर रिव्ह्यूत पहिला प्रश्न येतो: हा बदलणार कोण, आणि कधी? 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला 297 रुपये. नवरा-बायको दोघांनी त्या दराने 75-75 दिवस काम केलं, की घर 44,000 च्या बाहेर! अडीच महिन्यांत. मग अर्जावर आकडा कमी लिहिला जातो. याला लबाडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अजून एक गुंता आहे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला 35 किलो मिळतं, प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो. अंत्योदयात आदिम जमातींना 2004 मध्ये जागा मिळाली. कातकरी आदिम यादीत आहेत, वारली नाहीत. शेजारी-शेजारी राहणारी, एकाच भट्टीवर जाणारी दोन घरं, आणि उत्पन्नाचा प्रश्न एकाला जास्त टोचतो.

कार्डाने हद्द ओलांडली ती 9 ऑगस्ट 2019 ला. महाराष्ट्र आणि गुजरात ही पोर्टेबिलिटीच्या पहिल्या जोड्यांपैकी एक होती. तलासरीचा माणूस आपल्या कार्डावर उंबरगावात धान्य घेऊ शकतो, पण पात्रता त्याच जुन्या रेघेवर.

आज घरी विचारा: कार्ड काढताना उत्पन्न किती लिहिलं होतं, आणि कोणत्या साली? मला कळवा.