पाहुण्या पैलवानाचा मुक्काम

उर्दूच्या तासाला फळ्यावर ‘तालीम’ लिहिलं की मुलं अर्थ सांगतात, शिक्षण. तोच शब्द मराठीच्या तासाला आला की मागच्या बाकावरची पोरं मांडीवर शड्डू ठोकतात. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. शब्द मूळचा अरबी, शिकवण्याशी संबंधित; आपल्याकडे तो कुस्ती शिकवणाऱ्या जागेला चिकटला. पैलवान फारसी, खुराक फारसी, वस्ताद म्हणजे उस्ताद. आपल्या नगर जिल्ह्यात यात्रेतल्या कुस्त्यांना ‘हगामा’ म्हणतात, तो हंगामाच.

यात नगरचा वाटा जुना आहे. हे शहर वसवणारा अहमद निजामशहा स्वतः तलवारबाजीत तरबेज होता. लहानपणी याच शहरात राहिलेला इतिहासकार फरिश्ता सांगतो, की या सुलतानाच्या काळात एकास एक तलवारबाजीचं वेड इतकं पसरलं की मोहल्ल्यामोहल्ल्यात ती शिकवणाऱ्या जागा निघाल्या. पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तलवारी गेल्या, तालमी राहिल्या.

पण तालमीचं आणखी एक काम होतं आणि त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. परगावचा खेळाडू तिथे उतरायचा. खेळाच्या इतिहासात कोणी कोणाला चीतपट केलं ते सापडतं. चीतपट करणारा आदल्या रात्री कुठे झोपला, कोणाच्या घरचं जेवला, गाडीभाडं कोणी दिलं, हे शोधावं लागतं. मला मात्र वाटतं, कोणाला खेळता आलं आणि कोणाला नाही याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

गावच्या हगाम्याची रीत जुनी माणसं अजून सांगतात. चैत्रात यात्रा सुरू झाल्या की पैलवान एका गावाहून दुसऱ्या गावाला निघायचे. आधी पायी किंवा बैलगाडीने, पुढे एसटीने. सोबत लंगोट, टॉवेल, एक वळकटी. जोड मैदानातच जमायची, त्यामुळे कुस्ती मिळेल की नाही हे आदल्या दिवशी माहीत नसायचं. मुक्काम तालमीत, तालीम नसेल तर चावडीत, मारुतीच्या सभामंडपात किंवा शाळेच्या ओसरीवर. सकाळची कुस्ती पोरांची, रेवड्यांवर. शेवटची मोठ्या इनामाची. पंच लोकवर्गणीतून इनाम द्यायचे आणि ज्याची जोड जमली नाही त्यालाही वाटखर्ची देऊन पाठवायचे. ही वाटखर्ची मला इनामापेक्षा मोठी वाटते. आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला तर गावाचं नाव खराब होतं, असा हिशेब होता.

मुसलमान पैलवानाच्या जेवणाचं काय, असं आजचा तरुण विचारतो. तेव्हा हा प्रश्न बहुतेक गावांत पडतच नसे. गावचा बोकड मुलाणी कापायचा. ते त्याचं बलुत्यातलं काम होतं, पाटलाच्या घरीही आणि यात्रेतही. हलाल-झटका हा वाद करायला गावात दुसरा सुरा नव्हता. एका म्हाताऱ्या वस्तादांना मी याबद्दल विचारलं तर ते हसले. “सर, पैलवानाची जात दुधाच्या तांब्यावर कळायची. एक तांबा पिला तर पोरगा, चार पिला तर पैलवान.”

कोल्हापूरला शाहू महाराजांनी हेच काम संस्थानाच्या ताकदीने केलं. पंजाबचे मल्ल आणायचे, त्यांची राहण्याची आणि खुराकाची सोय करायची, इथल्या पोरांना त्यांच्यासमोर उभं करायचं. 1912 साली खासबागचं मैदान सुरू झालं तेव्हा मोठी कुस्ती गामाचे भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची झाली. मराठी मुलखाचं सगळ्यात नावाजलेलं मैदान दोन पाहुण्या मुसलमान पैलवानांनी सुरू करून दिलं, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत आजही गावोगावची पोरं राहून मेहनत करतात.

तालमीचं गुणगान करताना हात आखडता घ्यावा लागतो, तो जातीपाशी. अनेक गावांत दलित वस्तीची तालीम वेगळी होती. आणि पाहुण्या खेळाडूच्या ताटाची सगळ्यात बोचरी गोष्ट पुण्याच्या क्रिकेटमधली आहे. बाळू पालवणकर, चर्मकार समाजाचे, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्यांना संघात घेतलं. त्यांनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या जागी. संघ साताऱ्याला खेळायला गेला तेव्हा तिथल्या गोऱ्या जिमखान्याने त्यांची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवला होता, तरी बाळूंनी सात बळी घेतले. त्यानंतर न्यायमूर्ती रानडे क्लबच्या मंडळींना जाहीरपणे बोलले, की याच्याबरोबर खेळता, तर याच्याबरोबर खाणंपिणंही करा. पुढे 1911 साली इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम होते, सोबत पारशी आणि मुसलमान खेळाडू होते आणि कर्णधार पटियाळाचे शीख महाराज. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. मुंबईत मात्र हिंदू, मुसलमान, पारशी यांचे जिमखाने वेगळे आणि संघही वेगळे, ते थेट 1946 पर्यंत.

मग 1920. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटांच्या मनात आलं, यांना ऑलिम्पिकला न्यावं. अँटवर्पला जो छोटा संघ गेला त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते, ते मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीत कुमार नवले आणि रणधीर शिंदे होते, शिंदे तर तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीपर्यंत पोहोचले. संघाचे व्यवस्थापक दोन, सोहराब भूत आणि मुंबईचे टेनिसपटू डॉ. फैजी. महायुद्धातून नुकत्याच बाहेर आलेल्या त्या शहरात हॉटेलं परवडण्यासारखी नव्हती. खेळाडूंच्या खाटा शाळांच्या वर्गखोल्यांत टाकल्या होत्या.

हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. कारण तालुका-जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांना आमच्याकडे संघ येतात तेव्हा आम्हीही तेच करतो. बाकं भिंतीला लावायची, सतरंज्या टाकायच्या, पिण्याच्या पाण्याचा टँकर सांगायचा, फळ्यावर कोणत्या शाळेचा संघ ते लिहायचं. पाहुणे शिक्षक संकोचून म्हणतात, “सर, वर्गातच का?” आता सांगता येईल, ऑलिम्पिकमध्येही वर्गातच होतं.

खाशाबा जाधवांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती सांगताना आपण पदकावर थांबतो. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गोळेश्वरच्या आणि आजूबाजूच्या लोकांनी वर्गणी काढली, तरी पुरेना. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक एका मास्तराच्या घरावर काढलेल्या कर्जातून आलं.

‘महाराष्ट्र केसरी’ 1961 पासून. इस्माईल शेख 1980 चे, मुन्नालाल शेख 2002 चे, सईद चाऊस 2005 चे. 2018 ला जालन्यात गदा उचलणारा बाला रफिक शेख करमाळा तालुक्यातला, म्हणजे आपल्या कर्जत-जामखेडच्या शेजारचा. तो पुण्यात ज्या ठिकाणी राहून तयार झाला त्याचं नाव हनुमान आखाडा. 2023 ला सिकंदर शेख. ही यादी मी वर्गात वाचून दाखवतो आणि पोरांच्या माना ताठ होताना बघतो.

आपल्या नगरात ही स्पर्धा 1968, 1988 आणि 2014 ला झाली आणि पुन्हा 2025 ला, वाडिया पार्कवर. 2 फेब्रुवारीला अंतिम कुस्ती झाली, पंचांच्या निर्णयावरून गदारोळ झाला, तो टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. जिल्ह्याजिल्ह्यांचे संघ आले, राहिले, जेवले, गेले. त्याच महिन्यात पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना जागा न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने तो रद्द ठरवला. मढीचे कानिफनाथ कित्येक मुसलमानांसाठी शाह रमजान आहेत, आणि यात्रा म्हटली की परगावचा माणूस येणारच. वाटखर्ची देणाऱ्या पंचांच्या जिल्ह्यात असा ठराव लिहिला गेला, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

पण दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपल्या घरातलंही बोललं पाहिजे. तालमीचं दार मुलींना बंद होतं. मारुतीची जागा, लंगोट लावलेले पुरुष, तिथे मुलगी उतरणार कुठे? महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत व्हायला 2023 उजाडलं, प्रतीक्षा बागडी जिंकली. बासष्ट वर्षांचं हे अंतर ताकदीचं नाही. आणि आपल्या उर्दू माध्यमाच्या मुली तालुक्याला जिंकून जिल्ह्याला, विभागाला जायची वेळ आली की गळतात. खो-खोत पळणारी, पायाला वारा लागलेली पोर घरी बसते. दरवेळी मजहबचं नाव पुढे येतं, पण अम्मी खरं काय विचारते ते मी ऐकलं आहे. “सर, रात को कहाँ रहेंगे? बाथरूम को कडी है क्या? साथ में मॅडम कौन?” हे प्रश्न अगदी वाजवी आहेत. त्यांची उत्तरं लेखी, आधी, घरी जाऊन द्यावी लागतात. तेवढं केलं तर चारातल्या तिघी येतात, असा माझा अनुभव आहे.

मागच्या हंगामात विभागाच्या स्पर्धेला एक रात्र मुक्काम होता. एका मुलीची आई म्हणाली, मग मी पण येते. वळकटी आणि डबा घेऊन एसटीत बसली. रात्री वर्गखोलीच्या दाराशी तिने आपलं अंथरूण टाकलं, आमच्या आठ मुली आत आणि शेजारच्या खोलीतल्या एका झेडपी शाळेच्या मुलीही, त्यांच्या मॅडम आजारी पडून परत गेल्या होत्या. सकाळी डब्यातल्या चपात्या दोन्ही संघांत वाटल्या गेल्या. सामना त्याच दोन संघांचा होता. आम्ही तीन गुणांनी हरलो.