दिव्यांगांनाही खुणावते डोंगरवाट

पनवेलच्या पूर्वेस प्रबळगड व माथेरानची रांग, दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका आणि खोपोलीपलीकडे बोरघाट. सुट्टीच्या दिवशी पहाटे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर सायकलस्वारांचे जथे दिसतात ते याच डोंगरांच्या ओढीने. या जथ्यांत दिव्यांग सायकलस्वार मात्र क्वचितच आढळतो. शारीरिक असमर्थता हे त्याचे कारण असल्याचा समज रूढ आहे. प्रत्यक्षात उणीव असते ती योग्य सायकलीची, तयारीच्या सोबत्याची आणि सुगम वाटेची.

ही उणीव भरून निघाली की काय घडते, याचे उदाहरण पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांनी घालून दिले. काचबिंदूमुळे वयाच्या १९व्या वर्षी दृष्टी गमावलेल्या गणात्रा यांनी २०१४ साली 'ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. दिव्यांग आणि इतर यांनी एकत्र साहसी खेळ खेळावेत, हे तिचे सूत्र. २०१६ मध्ये त्यांनी डोळस साथीदारासह टँडेम सायकलवरून मनाली ते खार्दुंग ला हा हिमालयातील प्रवास पूर्ण केला. अपघातात पाय गमावलेल्या भंडारा जिल्ह्यातील ज्योती गडेरिया यांनी २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले. या स्पर्धेतील सायकलिंगमध्ये भारतीय खेळाडू उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. पॅरालिम्पिकमध्ये रस्त्यावरच्या व वेलोड्रोममधील शर्यती असतात; डोंगरी सायकलिंगचा त्यात समावेश नाही. त्यामुळे हा प्रकार स्थानिक क्लबांच्या पुढाकारावरच अवलंबून आहे.

सायकल कोणती?

अंध व्यक्तीसाठी टँडेम, म्हणजे दोघांची सायकल, सोयीची ठरते. पुढे डोळस चालक, मागे अंध साथीदार. दोघांची पायडल साखळीने जोडलेली असल्याने ती एकाच लयीत फिरतात. म्हणूनच खड्डा, वळण, गिअर बदलणे वा थांबणे यांची सूचना चालकाने आधीच मोठ्याने द्यावी लागते. दोघांच्या वजनामुळे उतारावर वेग झपाट्याने वाढतो आणि ब्रेक तापतात. त्यामुळे डोंगरात चांगले डिस्क ब्रेक हवेतच.

पायांत बळ नसलेल्यांसाठी हाताने चालवायची सायकल असते. आपल्याकडे सरकारी योजनेतून मिळणारी तीनचाकी सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे तत्त्व हेच, मात्र साध्या तीनचाकीला गिअर नसतात. सपाट रस्त्यावर ती उपयोगी पडते, घाटात दमवते. डोंगरी हातसायकलीला चढणीसाठी हलके गिअर, रुंद टायर आणि ठेंगणी बैठक असते. तीन चाकांना एकेरी पायवाट पुरत नाही, त्यामुळे बैलगाडीच्या रुंदीचा रस्ता निवडावा लागतो. कृत्रिम पाय बसविलेले अनेक जण थोड्याफार बदलांनिशी साधी सायकलही चालवू शकतात.

काळजी कोणती?

कोकणातील दमट हवा हा दुर्लक्षून न चालणारा धोका आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेखालील भागात घाम येत नाही वा कमी येतो. शरीर लवकर तापते; अंगावर पाणी शिंपडणे आणि सावलीत थांबणे आवश्यक ठरते. त्वचेला संवेदना नसल्यास बैठकीच्या दाबाने झालेली जखम कळत नाही. कृत्रिम पायाच्या खोबणीत घाम साचून त्वचा सोलवटते. म्हणून डॉक्टरांचा सल्ला, जाड गादी आणि ठरावीक अंतराने त्वचेची तपासणी ही त्रिसूत्री पाळावी. पावसाळ्यानंतरचे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने अनुकूल.

वाट कोणती?

द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे. जुन्या महामार्गावर जड वाहने असतात, तर खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळाकडे जाणारी चढण अनुभवी स्वारांचीही परीक्षा पाहते. नवोदितांनी नेरेमार्गे गाढेश्वर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आरंभ करणे श्रेयस्कर. कलावंतीण दुर्गाच्या कातळपायऱ्या सायकलींसाठी नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ३० क्रीडा उपक्रमांत दिव्यांगांना सामावून घेण्याची जबाबदारी शासन व क्रीडा यंत्रणांवर टाकते. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरणही स्वीकारले. तथापि, वाहनतळापासून वाटेपर्यंतचा उतरता पट्टा आणि चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह यांवाचून ही तरतूद कागदावरच राहील. क्लबांनी एक टँडेम आणि ती चालविणारे चार प्रशिक्षित चालक तयार ठेवले, तरी रविवारच्या जथ्यात आणखी एकाला जागा मिळू शकेल.