डिप्लोमानंतर इंजिनीअरिंग: थेट दुसऱ्या वर्षाची वाट

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला की शिक्षण संपलं, असं नाही. या मुलांना इंजिनीअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही; डिप्लोमाच्या गुणांवर मेरिट लागतं.

गणितात गाडी अडते
पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित या मुलांचं झालेलं नसतं. तिसऱ्या सेमिस्टरला बऱ्याच शाखांत लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर येतं. वर्कशॉपमध्ये हुशार असलेली पोरंही इथेच नापास होतात. म्हणून निकालानंतरच्या सुट्टीत डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन पक्कं करावं. गावातल्या इंजिनीअरिंगच्या सीनियर मुलांकडून शिकून घ्यावं. 'स्वयम' पोर्टलवर व्हिडिओ मोफत आहेत.

फीचं काय?
प्रवेश 'कॅप' फेरीतूनच घ्यावा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला शासनाची फी सवलत मिळत नाही. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अर्ज 'महाडीबीटी'वर भरायचा. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. उत्पन्न व नॉन-क्रिमीलेअर दाखले प्रवेश सुरू होण्याआधीच काढून ठेवावेत. ऐनवेळी दाखल्यासाठी धावपळ झाली, तर मिळालेली सीटही हातची जाते.