प्रवाशाचा लॅपटॉप आणि इंटरनेटची घडण

आगगाडींत बसून मांडीवरील लॅपटॉपवर आपलें काम उरकणारा प्रवासी आज कोणाच्याहि कौतुकाचा विषय राहिलेला नाहीं. सामान्य समजूत अशी कीं, इंटरनेट हें मूळचें कचेऱ्यांतील व प्रयोगशाळांतील स्थिर यंत्रांसाठीं निर्माण झालें आणि प्रवाशाच्या वांट्यास तें फार उशिरां आलें. इतिहासाची साक्ष निराळी आहे. संगणक जागचा हलूं लागला तेव्हां जीं संकटें उभीं राहिलीं, त्यांच्या निवारणांतूनच आजच्या इंटरनेटची बरीचशी घडण झाली.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यांतील आर्पा या शाखेनें १९६९ सालीं ‘आर्पानेट’ नांवाचें जाळें सुरू केलें. त्यांतील अवजड संगणक भाड्यानें घेतलेल्या टेलिफोनच्या तारांनीं जोडलेले होते. मजकुराचे लहान लहान तुकडे पाडावयाचे, प्रत्येकावर पत्ता घालावयाचा आणि मुक्कामीं ते पुन्हां जुळवावयाचे, अशी त्याची रीति होती. तुकडा वाटेंत हरवूं नये याची जबाबदारी जाळ्यानेंच उचललेली असे. दोन्ही टोकांचे संगणक त्या बाबतींत निश्चिंत असत. तार शाबूत होती तोंवर या व्यवस्थेंत कांहीं उणें नव्हतें.

परंतु तारेचाच भरंवसा नसेल तर? हा प्रश्न हवाई बेटांत उत्पन्न झाला. तेथील विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं रेडिओलहरींवर चालणारें ‘अलोहानेट’ उभारलें. त्याचा नियम अगदीं साधा होता. ज्यास पाठवावयाचें असेल त्यानें खुशाल पाठवावें. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले तर पोंच येणार नाहीं. मग प्रत्येकानें कमीअधिक वेळ थांबून तोच संदेश पुन्हां पाठवावा. अपयश येणारच, हें येथें आरंभींच गृहीत धरलें होतें.

आर्पांतील रॉबर्ट कान यांनीं याच्या पुढचें पाऊल टाकलें. त्यांना रेडिओचें जाळें चालत्या वाहनापर्यंत न्यावयाचें होतें. वाहन म्हटलें कीं तें टेकडीच्या आड जाणार, बोगद्यांत शिरणार आणि संबंध क्षणभर तुटणार. तार कधीं तुटत नाहीं या विश्वासावर रचलेले आर्पानेटचे नियम येथें निरुपयोगी होते. शिवाय रेडिओचें जाळें, उपग्रहाचें जाळें आणि तारांचें जाळें यांची प्रकृति भिन्न. त्यांस एकाच सांच्यांत बसविणें शक्य नव्हतें. कान व विंट सर्फ यांनीं १९७४ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध केलेल्या निबंधांत यावर तोडगा सुचविला. प्रत्येक जाळें आहे तसें राहूं द्यावें, दोन जाळ्यांच्या सीमेवर एक द्वारपाल-यंत्र ठेवावें, आणि हरवलें-सांपडलें याची जबाबदारी टोकाच्या संगणकांनीं घ्यावी. रजिस्टर पत्राची पोंचपावती न आल्यास आपण दुसरें पत्र टाकतों, तसाच हा प्रकार होय.

या विचाराची कसोटी रस्त्यावरच लागली. २७ ऑगस्ट १९७६ रोजीं एसआरआय या संशोधन-संस्थेची मोटारगाडी कॅलिफोर्नियांतील एका मद्यगृहाच्या अंगणांत उभी राहिली आणि बाहेरील लांकडी मेजावर ठेवलेल्या यंत्रावरून एक अहवाल दोन जाळ्यांतून पार झाला. २२ नोव्हेंबर १९७७ रोजीं तीच गाडी हमरस्त्यावर धांवत असतां तिच्यांतून निघालेला मजकूर रेडिओ, उपग्रह व तार अशा तीन जाळ्यांतून, नॉर्वे व लंडनमार्गें फिरून, पुन्हां कॅलिफोर्नियांतच दुसऱ्या टोकास पोंचला. आर्पानेटनें हे सुधारलेले नियम १ जानेवारी १९८३ पासून स्वीकारले.

त्यामानानें प्रवाशाचें यंत्र मागें राहिलें. १९८१ सालचा ऑसबोर्न हा संगणक ‘हातांत नेण्याजोगा’ म्हणून विकला जाई. त्याचें वजन मात्र सुमारें ११ किलो होतें! यंत्र हलकें होऊन मोबाईलच्या लहरींवर वेगवान इंटरनेट येईपर्यंत नवें शतक उजाडलें. आपल्याकडे महानगर टेलिफोन निगमनें डिसेंबर २००८ मध्यें दिल्लींत ‘थ्रीजी’ सेवा सुरू केली, आणि २०१० च्या लिलावानंतर खाजगी कंपन्याहि तींत उतरल्या. लॅपटॉपच्या कडेला खोंचावयाचें बोटभर ‘डोंगल’ त्या काळांत पुष्कळ प्रवाशांच्या सामानांत असे. पुढें मोबाईलनेंच तें काम पत्करलें.

कोंकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. त्यांतील करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. अशा बोगद्यांत संबंध तुटला आणि बाहेर येतांच अर्धवट राहिलेलें पत्र आपोआप पुढें सरकलें, तर प्रवाशानें समजावें कीं कान यांच्यापुढें उभा राहिलेला प्रश्न तो हाच, आणि त्याचें उत्तरहि हेंच.

यंत्रांच्या सीमा अशा रीतीनें लौकर पुसल्या गेल्या. पैशाच्या सीमा मात्र चिवट ठरल्या. परमुलखांत मोबाईल वापरल्याचा जादा आकार युरोपीय संघानें आपल्या सभासद देशांपुरता रद्द केला, तो १५ जून २०१७ रोजीं, म्हणजे त्या मोटारीच्या प्रवासानंतर जवळजवळ ४० वर्षांनीं. भिन्न प्रकृतीच्या जाळ्यांना एकत्र नांदविण्याची युक्ति थोड्या संशोधकांना तीनचार वर्षांत साधली. भिन्न हितसंबंधांच्या माणसांना तीच गोष्ट साधावयास दोन पिढ्या लागाव्या, हें या इतिहासांतील खरोखर विचार करण्याजोगें प्रकरण आहे.