कुंपणाबाहेरचा ताळेबंद

नीरा डावा कालवा 1885 मध्ये वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू जमिनीत ऊस उभा राहिला. काही दशकांतच दुसरी बाजूही दिसली. निचरा नसलेल्या जमिनी पाणथळ व क्षारपड झाल्या. पाणी आत किती येते याचा हिशोब होता. ते बाहेर कसे जाणार याचा नव्हता.

1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. त्याच दशकात, 1933 साली, मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. पुढे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने आले. कारखान्यातील रसायनतज्ज्ञ साखरेचा ताळेबंद मांडत असे: उसातून किती आली, पोत्यात किती गेली, चिपाडात, प्रेसमडमध्ये आणि मळीत किती राहिली. हा ताळेबंद कुंपणापाशी संपे.

मळीपासून मद्यार्क करताना हे कुंपण अपुरे पडले. एक लिटर मद्यार्कामागे साधारण 10 ते 12 लिटर तपकिरी सांडपाणी उरते. त्याच्या एका लिटरातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना जीवाणू सुमारे 45 ग्रॅम प्राणवायू वापरतात. एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्यालाही जवळपास तेवढाच लागतो! म्हणजे रोज 30 हजार लिटर मद्यार्क काढणाऱ्या डिस्टिलरीने हे पाणी तसेच सोडले, तर ओढ्यावर 3 लाख वस्तीच्या शहराचा भार पडेल. मासे गुदमरतील, काठच्या विहिरी नासतील.

जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने 1969 मध्ये व केंद्राने 1974 मध्ये कायदा केला. नागपूरला 1958 मध्ये स्थापन झालेली संस्था 1974 मध्ये 'नीरी' झाली. आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 मध्ये सुरू झाली. रासायनिक अभियंत्याला पर्यावरण-संशोधनाची वाट खुली झाली. बंद टाक्यांत जीवाणूंकडून या सांडपाण्याचा मिथेन करून घेता येतो. तो बॉयलरला इंधन म्हणून चालतो आणि सेंद्रिय भार 80 ते 90 टक्के घटतो. पण रंग व क्षार उरतातच. ते शेतात बेसुमार गेले, तर कालव्याने शिकवलेला क्षारपडीचा धडा पुन्हा गिरवावा लागेल.

म्हणून या वाटेने जाणाऱ्याला रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवीनंतर सूक्ष्मजीवशास्त्र, मृदाशास्त्र आणि भूजलशास्त्राशीही मैत्री करावी लागते. सूत्र मात्र जुनेच: आत आले ते बाहेर गेले असेल, नाहीतर आत साठले असेल. बदलली ती हिशोबाची सीमा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जवळच्या एखाद्या कारखान्याचा असा ताळेबंद जरूर मांडायला लावावा; फक्त सीमारेषा कुंपणावर न आखता नदीच्या पलीकडे आखावी.