वैनगंगेकाठचा विसावा

हवापालटासाठी घराबाहेर पडणाऱ्या मनुष्यास सामान्यतः तीन गोष्टी हव्या असतात : बसावयास पाण्याचा काठ, पाहावयास काही पुरातन अवशेष, आणि अंगाचा शीण घालविणारे स्नान. कोकणपट्टीत वसईसारख्या ठिकाणी या तिन्हींचा योग सहज जुळतो. तेथे समुद्राची पुळण आहे, पोर्तुगीज अमदानीतील भग्न इमारती आहेत, आणि वज्रेश्वरीची उन्ह्याची कुंडेही फार दूर नाहीत. भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. तेथल्या मनुष्याने समुद्र पाहावयाचे मनात आणले तर त्यास शेकडो मैलांचा रेल्वेप्रवास करावा लागतो. परंतु त्याच्या दाराशी वैनगंगा आहे, आणि भंडारा शहरापासून दक्षिणेस चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, त्या नदीच्या उजव्या तीरावर पवनी आहे. थकलेल्या मनुष्याने काठावर यावे, उतरावे आणि विसावा घ्यावा, ही व्यवस्था पवनीस दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे.

शिवनी जिल्ह्यातील मुंडारा गावाजवळ उगम पावलेली वैनगंगा येथवर येते ती रुंद आणि संथ होऊन. उन्हाळ्यात तिचे पात्र आटते व दोन्ही बाजूंस वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. गावाच्या तीन बाजूंस मातीचा जुना तट व खंदक, आणि चौथ्या बाजूस नदी, अशी पवनीची रचना आहे. पुढे घाट बांधले गेले, मंदिरे उठली, आणि लोक या गावास विदर्भाची काशी म्हणू लागले. आपल्याकडे काश्या पुष्कळ आहेत. तथापि पवनीच्या बाबतीत या बिरुदाखाली जे दडलेले होते ते बिरुदापेक्षाही मोठे निघाले.

गावालगतच जगन्नाथ टेकडी नावाचे एक उंचवट्याचे स्थान आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती टेकडीच मानली. वर देवालय, आसपास कोरीव दगड, एवढेच तिचे वैभव. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले, तेव्हा ती टेकडी नसून विटांचा प्रचंड स्तूप असल्याचे सिद्ध झाले. त्याचा व्यास ३८ मीटरांच्या घरात भरतो. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरांचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पवनीच्या स्तूपाची योग्यता कळून येते. मौर्यकाळी उभारलेल्या या वास्तूभोवती पुढे प्रदक्षिणापथ व दगडी कठडा आला. चांदकापूर येथील टेकडीच्या पोटातही असाच दुसरा स्तूप निघाला.

हा कठडा कोणा एका राजाने बांधलेला नाही. त्याच्या स्तंभांवर आणि आडव्या तुळयांवर ब्राह्मी लिपीत देणाऱ्यांची नावे आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी शिळा. वर्गणी काढून देऊळ बांधण्याची रीत आपल्या परिचयाची आहे, तीच ही. त्यांत विसमिता नावाच्या एका उपासिकेचा लेख आहे. ती कोणाची कन्या, कोणाची भार्या, याची चौकशी करावयास आज कोणी उरलेले नाही. तिने आपल्या दानाबरोबर एकच इच्छा कोरविली : हे दान सर्व जीवांच्या सुखास कारण होवो. स्वतःसाठी पुण्य, मातापित्यांसाठी सद्गती, अशा नेहमीच्या मागण्या तिने केल्या नाहीत. नदीकाठच्या या गावातील एका स्त्रीने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास, म्हणजे महायान पंथाचा उदय होण्याच्या बऱ्याच अगोदर, सर्व प्राणिमात्रांस आपल्या सुखात वाटेकरी करून घ्यावे, ही गोष्ट भारतीय धर्मविचाराच्या अभ्यासकांस फार महत्त्वाची वाटते.

याच कठड्यावरील एका शिल्पात फणा उभारलेला नाग आहे, आणि तो मुचलिंद असल्याचे तेथेच कोरून ठेवले आहे. बुद्धास बोधी प्राप्त झाल्यावर तो काही आठवडे निरनिराळ्या वृक्षांखाली स्वस्थ बसून होता. त्या काळात एकदा अवेळी मेघ जमले. सात दिवस थंड वारा आणि पाऊस यांनी कहर केला. तेव्हा नागराज मुचलिंदाने त्याच्याभोवती सात वेढे घातले, मस्तकावर फणा धरिली, आणि आभाळ निवळल्यावर तरुणाचे रूप घेऊन त्यास वंदन केले. त्या काळच्या कारागिरांची रीत अशी, की बुद्धाची मूर्ती कोरावयाची नाही. रिकामे आसन, चरणचिन्ह किंवा वृक्ष यांनीच त्याचे अस्तित्व सुचवावयाचे. बुद्धचरित्रात उपदेशाचे, वादविजयाचे, चमत्काराचे प्रसंग थोडे नाहीत. पवनीच्या दात्यांनी स्वस्थ बसलेल्या बुद्धाला पावसापासून कोणी जपले, ही कथाही आपल्या कठड्यावर आवर्जून घेतली.

धानाच्या प्रदेशात या कथेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. भंडाऱ्याचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्यास भिक्षूंचा वर्षावासही चटकन उमगेल. पावसाळ्यात फिरणारे भिक्षू कोवळे गवत व बारीक जीव तुडवितात, अशी तक्रार लोकांनी केली, तेव्हा बुद्धाने त्यांस तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. विहार वाढले ते या सक्तीच्या विसाव्यातून.

विहारात राहणे आले म्हणजे शरीराची निगा आली. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात या बाबतीत एक मनोरंजक प्रकरण आहे. वैशालीस भिक्षूंना एकामागून एक मिष्टान्नांची आमंत्रणे आली. परिणामी ते स्थूल आणि रोगी झाले. जीवक वैद्याने हे पाहिले आणि बुद्धापाशी दोन गोष्टींची शिफारस केली : चालण्यासाठी चंक्रम, आणि घाम काढण्यासाठी जंताघर, म्हणजे उष्णस्नानाची खोली. दोन्हींस अनुज्ञा मिळाली. मग जंताघराचे तपशील ठरले. धूर जावयास धुराडे असावे. खोली लहान असेल तर चूल एका बाजूस व मोठी असेल तर मध्यभागी असावी. आच लागू नये म्हणून तोंडास माती फासावी. वडील भिक्षूंस चेपावे, त्यांना खेटून बसू नये, आणि नव्यांनाही जागेवरून हटवू नये. आजच्या महागड्या आरोग्यस्नानगृहांत भिंतीवर जे नियम टांगलेले असतात, त्यांत शेवटच्या दोन कलमांची भर घातली तर बिघडणार नाही.

स्तूपानंतरच्या काळातही पवनी ओस पडली नव्हती. भार कुळातील राजा भगदत्त याचा, चरणचिन्हांच्या शिळेवरील लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केला. महाक्षत्रपकुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे स्मारकस्तंभ, येथेच सापडला. शकांचे एक नाव इतक्या पूर्वेस कोरले जावे याचे विद्वानांस आजही कुतूहल आहे. पुढे बौद्ध वस्ती सरली, स्तूपाची टेकडी झाली, टेकडीवर दुसरा देव आला. यात्रेकरू मात्र नदीवर येतच राहिले. १९९४ साली पुरातत्त्व खात्याने पवनीस पुन्हा खोदकाम केले.

आता या काठाचे रूप पालटले आहे. पवनीच्या वरच्या अंगास गोसीखुर्द येथे वैनगंगेवर धरण झाले. त्याची कोनशिला १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. धरणाच्या पाण्याखाली अनेक गावांची शिवारे गेली, घरे उठली, घाट बुडाले. त्या पाण्यावर आता नौकाविहार व पर्यटन यांच्या योजना होतात. अंभोऱ्यास पाच नद्यांचा संगम मानतात, आणि मुकुंदराजाने शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ तेथेच रचिला असे एक परंपरा सांगते. आंबेजोगाईकरांस ते मान्य नाही. तेथे २०२४ साली उंच मनोऱ्याचा पूल खुला झाला, आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर पाणी पाहावयास गर्दी लोटते. पाण्याकडे वरून पाहणे सुखाचे आहे. मात्र नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन निघालेली नाग नदी कन्हानेस मिळते आणि कन्हान याच पाण्यास येऊन मिळते. ते पाणी धरणात साठते व खाली सोडले जाते. वाळूच्या उपशाने पात्राची वेगळीच हानी चालविली आहे. स्नानासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या वाट्यास हे यावे, यास विकासाचे फळ म्हणणे अवघड आहे. ज्यांची घरे बुडाली त्यांच्या सुखाचे काय, हाही प्रश्न विसमितेच्या गावच्या शेजारीच उभा आहे.

२०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाल्यापासून पवनीचे नाव पुष्कळांस वाघामुळे ठाऊक झाले. पहाटेच्या गाड्या अरण्याच्या फाटकाकडे जातात आणि दुपारी परततात. वाघ दिसेल याची शाश्वती नसते. जगन्नाथ टेकडी मात्र नेहमी जागेवर असते. तिच्यावरून फिरावयास तासभर पुरतो. ऊन कलल्यावर तटाच्या कडेने नदीकडे उतरले म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर गावातील म्हातारी माणसे येऊन बसलेली आढळतात. पलीकडच्या वाळूवर सावल्या लांबतात, आणि वरून धरणाचे दरवाजे किती उघडले आहेत, याची चर्चा चालू असते.